रात्रपाळी सुटल्यावरचं स्टेशन

बाबांनी चौतीस वर्षं रेल्वेत काढली, त्यातली शेवटची बरीच मिरज जंक्शनला. २००४ साली आई-बाबा पहिल्यांदा आमच्याकडे लास व्हेगासला आले. विमानतळावरून घरी येताना सहारा अव्हेन्यूला ‘पॅलेस स्टेशन’ची आगगाडीवाली पाटी दिसली आणि बाबा पुढच्या सीटवर एकदम सरसावून बसले. "इथून गाड्या कुठं कुठं जातात गं?"

मी म्हटलं, "बाबा, हे स्टेशन नाही, कॅसिनो आहे."

"मग खरं स्टेशन कुठंय?"

खरं स्टेशन नाहीच, हे त्यांना सांगताना मला कसंसंच झालं. कारण हे गाव रेल्वेनंच वसवलेलं. १५ मे १९०५ ला रेल्वे कंपनीनं इथले प्लॉट लिलावात विकले आणि वाळवंटात लास व्हेगास उभं राहिलं. पण ‘डेझर्ट विंड’ ही शेवटची प्रवासी गाडी १९९७ मध्ये बंद पडली. तेव्हापासून इथं मालगाड्या तेवढ्या जातात. मिरजेला एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या यायच्या, त्या बघत आयुष्य गेलेल्या माणसाला हे पटेना. लेकीच्या गावात कॅसिनो आहेत हे ऐकून बाबा दचकले नाहीत. गावात गाडी नाही याचीच हळहळ त्यांना घरी पोचेपर्यंत पुरली.

त्या स्टेशनाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे. लास व्हेगास म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर स्ट्रिप येते, म्हणजे बड्या कॅसिनोंचा तो रस्ता, ते कारंजे, तो नकली आयफेल टॉवर. इथं राहणारी माणसं तिकडं पाहुणे आले की जातात. आमचे कॅसिनो वेगळे. त्यांना इथं सरळ ‘लोकल्स कॅसिनो’ म्हणतात, म्हणजे गावातल्या माणसांचे.

मी १९९९ मध्ये इथं आले. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली, रात्रपाळीची. संध्याकाळी सातला आत जायचं, सकाळी सातला बाहेर. माझ्याबरोबर एक फिलिपिनो बाई होत्या, माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. सगळे त्यांना ‘आते’ म्हणत. त्यांच्या भाषेत आते म्हणजे थोरली बहीण. मला तो शब्द ऐकला की आत्याच आठवायची आणि पुढं त्या मला आत्यासारख्याच झाल्या. पहिल्या आठवड्यात एकदा सकाळी पाळी सुटल्यावर त्यांनी माझा चेहरा बघितला, "घरी जाऊन काय खाणारेस?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गाडीत घातलं.

पॅलेस स्टेशनच्या कॅफेत सकाळचे साडेसात म्हणजे कुणाची सकाळ, कुणाची संध्याकाळ. शेजारच्या टेबलावर गळ्यातला बो सैल केलेले, कॅसिनोत पत्ते वाटणारे दोन डीलर, पलीकडे टाचांचे बूट काढून पाय खुर्चीवर घेतलेली वेट्रेस, कोपऱ्यात टॅक्सीवाला. सगळे नुकते कामावरून सुटलेले. अंडी, परतलेले बटाटे, टोस्ट, आणि कितीही वेळा भरून मिळणारी कॉफी. सकाळी साडेसातला मी दमलेली असणार हे तिथल्या कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही. नव्या देशात आलेल्या बाईला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की या गावात आपल्यासारखी माणसं आहेत.

त्या माणसांसाठीच ती जागा निघाली होती, हे मला मागाहून कळलं. फ्रँक फर्टिटा (धाकटे) टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन गावाहून १९६० च्या सुमारास इथं आले, आणि हॉटेलात सामान उचलण्यापासून पत्ते वाटण्यापर्यंतची कामं करत वर चढले. १ जुलै १९७६ ला त्यांनी सहारा अव्हेन्यूवर, हायवेच्या पश्चिमेला, एका स्वस्त मोटेलला चिकटून छोटासा कॅसिनो काढला. नावही नुसतं ‘द कॅसिनो’. जागा पाच हजार चौरस फूट, म्हणजे आपल्याकडचं एक बऱ्यापैकी मंगल कार्यालय. स्ट्रिप तिथून साधारण मैलभरावर. पर्यटक हायवे ओलांडून तिकडं यायचं काही कारण नव्हतं, पण स्ट्रिपवर काम करून घरी जाणारा माणूस तिथूनच जायचा. त्या माणसाला मध्यरात्री पाळी सुटल्यावर गरम खायला हवं, गप्पा मारायला जागा हवी, गाडी फुकट लावता यायला हवी. फर्टिटा स्वतः डीलर होते. दुसऱ्यांच्या पैशांचा खेळ आठ तास बघून आलेल्या माणसाला काय लागतं ते त्यांना ठाऊक होतं.

आणि पगाराचा चेक. तेव्हा पगार कागदी चेकनं मिळायचा. बँक संध्याकाळी बंद, आणि रात्रपाळीवाल्याची तर कायमच बंद. हे कॅसिनो रात्री दोनलाही चेक वटवून देत, पैसे न घेता. वर बक्षिसाची एक संधी देत, चाक फिरवा नाहीतर हँडल ओढा. आतेंचे यजमान स्ट्रिपवर डीलर होते, ते सांगायचे की ऐंशीच्या दशकात पगाराच्या दिवशी चेकच्या खिडकीपुढं जत्रेसारखी रांग लागायची. ही सोय होती यात शंका नाही. पण पगाराची रोकड माणसाच्या हातात पहिल्यांदा पडायची ती स्लॉट मशीनपासून दहा पावलांवर, हेही तितकंच खरं. मी हे दोन्ही एकाच परिच्छेदात लिहिते आहे, कारण इतकी वर्षं या गावात राहून मला ते वेगळं करता आलेलं नाही.

१९७७ मध्ये तिथं बिंगो सुरू झालं आणि जागेचं नाव ‘बिंगो पॅलेस’ पडलं. १९८३-८४ च्या सुमारास नवं नाव सुचवायची स्पर्धा घेऊन ‘पॅलेस स्टेशन’ झालं, तेव्हापासून ती आगगाडीची सजावट. १९९१ मध्ये एकवीस मजली टॉवर उभा राहिला.

गावातली माणसं रात्री आपापल्या घरी झोपतात, मग त्यांच्या कॅसिनोला एवढ्या खोल्या कशाला? मलाही हा प्रश्न पडायचा. पॅलेस स्टेशनला बाहेरून येणारं गिऱ्हाईकही असतं. पण नंतरच्या कॅसिनोंच्या बाबतीत उत्तर कायद्यात आहे. नव्वदच्या दशकापासून इथल्या क्लार्क काउंटीत, म्हणजे आमच्या जिल्ह्यात, नव्यानं मोठं कॅसिनो काढायचं तर त्याला किमान दोनशे खोल्यांचं हॉटेल जोडावं लागतं. त्यापेक्षा लहान परवाना म्हणजे फार तर पंधरा मशीन, आणि असे परवाने असतात बारमध्ये, पेट्रोल पंपावर, किराणाच्या सुपरमार्केटमध्ये. हे पंधरा मशीनचं लक्षात ठेवा, त्याकडं मी परत येणार आहे.

असं कॅसिनो काढणारे फर्टिटा पहिले नव्हेत. बोल्डर हायवेवर १९५४ पासून ‘शोबोट’ होतं, तिथलं बोलिंग आणि स्वस्त नाश्ता गावभर प्रसिद्ध. सॅम बॉइड यांनी त्याच रस्त्यावर १९७९ मध्ये ‘सॅम्स टाउन’ काढलं. पण गाव ज्या वेगानं फुगलं तो वेग फर्टिटांच्या कंपनीनं, म्हणजे स्टेशनवाल्यांनी, बरोबर पकडला. क्लार्क काउंटीची लोकसंख्या १९७० मध्ये पावणेतीन लाखाच्या आसपास होती, १९९० मध्ये सात लाख एकेचाळीस हजार, आणि २००० मध्ये पावणेचौदा लाख. त्या पावणेचौदा लाखांत मी एक. १९९३ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि मग बोल्डर स्टेशन १९९४, टेक्सास स्टेशन १९९५, सनसेट स्टेशन १९९७ अशी लाइनच टाकली. गाव जिकडं वाढेल तिकडं पुढचं स्टेशन. आत सिनेमागृहं, बोलिंग, आणि काही ठिकाणी तासावर पैसे घेऊन मुलं सांभाळायची सोय. माझ्या लेकाच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वाढदिवस कॅसिनोतल्या बोलिंगमध्ये झाले. मिरजेला फोनवर हे सांगताना मी ‘कॅसिनो’ शब्द गाळायचे आणि ‘मॉल’ म्हणायचे.

लोकांनाही ते सलू लागलं होतंच. १९९७ मध्ये राज्यानं कायदा केला, की वस्तीत कुठंही कॅसिनो उभारता येणार नाही, ठरवून दिलेल्या जागांतच उभारायचं. आमच्या घराच्या मागं जे होऊ शकलं नाही ते त्या कायद्यामुळं.

आता खेळाचं सांगते, कारण पर्यटकांचा खेळ आणि गावकऱ्यांचा खेळ यात मोठा फरक आहे. गावातली माणसं खेळतात व्हिडिओ पोकर. पाच पत्ते पडद्यावर येतात, नको ते बदलायचे. आतेंनी मला मशीनसमोर उभं करून पहिली गोष्ट शिकवली ती बसायच्या आधी तक्ता वाचायची, म्हणजे पत्त्यांच्या कुठल्या जुळणीला किती पट पैसे मिळतात ते. "फुल हाउसला नऊ आणि फ्लशला सहा आहे का? असेल तरच बस." नऊ-सहाच्या तक्त्यावर अचूक खेळलं तर मशीन दीर्घकाळात शंभरातले ९९.५४ परत देतं. स्ट्रिपवरच्या पाहुण्याला हे ठाऊक नसतं आणि त्याला फरकही पडत नाही, तो वर्षातून एकदा येतो. पण रोज येणाऱ्याला एका रात्रीत रिकामं करून चालत नाही. तो उद्या यायला हवा, परवा यायला हवा. म्हणून गावातल्या कॅसिनोंत मशीन जरा हात सैल सोडून लावायची, कॉफी फुकट द्यायची, वाढदिवसाला जेवणाचं कुपन घरी पाठवायचं. स्टेशनवाले नेहमीच्या गिऱ्हाइकाला जे कार्ड द्यायचे त्याचं नाव ‘बोर्डिंग पास’. बाबांनी ते माझ्याकडून मागून घेतलं होतं, पाकिटात ठेवायला.

हिशेब करून बघा. पाव डॉलरचं मशीन, एका डावाला पाच नाणी, म्हणजे सव्वा डॉलर. सरावलेला माणूस तासाला सहाशे डाव सहज खेळतो. म्हणजे तासाभरात साडेसातशे डॉलर त्या मशीनमधून फिरले. नऊ-सहाच्या तक्त्यावर, एकही चूक न करता, त्यातले साडेतीन डॉलर जातील. तेच शंभरातले पंच्याण्णव परत देणाऱ्या मशीनवर साडेसदतीस जातील. तासाला. आते वीस डॉलर एका पाकिटात घालून न्यायच्या, पोस्टाचं असतं तसं पांढरं पाकीट. ते संपलं की उठायचं. तेव्हा मशीनमध्ये खरी नाणी पडायची. प्लॅस्टिकच्या पेल्यात पाव डॉलरची नाणी भरून माणसं बसलेली, आणि नाणी हाताळून बोटांची टोकं काळीशार झालेली. उठल्यावर आते आधी ओल्या कागदानं बोटं पुसायच्या, एकेक, मग माझा हात धरायच्या. दोन-चार वर्षांत नाणी गेली आणि छापील चिठ्ठ्या आल्या. बोटं काळी व्हायची थांबली.

मी स्वतः खेळण्यात फारशी रमले नाही, मला तिथलं खाणं आवडायचं. १९९५ पासून पॅलेस स्टेशनला ऑयस्टर बार आहे, शिंपले-कोळंबी खायचा, अठराच खुर्च्या, आणि बाहेर रांग. समोरच वाफेवर चालणारी छोटी वाकती भांडी लावलेली. आचारी त्यात लोणी टाकतो, कोळंबी टाकतो, टोमॅटोचा रस्सा, साय, ब्रँडीची एक धार. मग सगळं भांडं दांडीनं कलंडवून थेट वाडग्यात ओततो, एक थेंब बाहेर जात नाही. पहाटे तीनलाही मी त्या रांगेत उभी राहिले आहे.

आई-बाबांना तिथं न्यायचं की नाही यावर आमच्या घरी दोन दिवस चर्चा झाली. शेवटी आईच म्हणाली, "ते बिंगो म्हणजे आपली हाउजीच ना? मग चला की." मिरजेच्या रेल्वे कॉलनीत गणपतीत हाउजी व्हायची आणि आकडे आई पुकारायची. बिंगोच्या खोलीत गेल्यावर तिनं कागद हातात घेतला आणि माझ्याकडं बघितलं. आपल्या हाउजीत नव्वद आकडे, तिकिटावर तीन ओळी आणि पंधरा आकडे. इथं पंच्याहत्तर आकडे, पाच बाय पाचचा चौकोन आणि मधलं घर फुकट. "मधलं फुकट कशाला?" एवढंच तिनं विचारलं आणि पाच मिनिटांत खेळ समजून घेतला. आकडे खोडायला पेन्सिल नाही, शाईची जाड बाटली असते, तिचं तोंड कागदावर ठेवलं की गोल ठसा उमटतो. शेजारची म्हातारी गोरी बाई बारा-बारा कागद एकावेळी खेळत होती. तिनं न बोलता आपली एक जांभळी बाटली आईपुढं सरकवली. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. दोन तास त्या मांडीला मांडी लावून बसल्या आणि आई एक आकडा चुकली तेव्हा त्या बाईनं तिच्या कागदावर ठसा उमटवून दिला. आई जिंकली नाही. ती बाटली मात्र मिरजेला गेली.

आता आतेंचं.

त्यांचे यजमान २०१० मध्ये गेले. तोवर मंदीनं गाव मोडलं होतं. घरं जप्तीत गेली होती, स्टेशन कंपनीनंही २००९ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला होता आणि २०११ मध्ये ती त्यातून बाहेर आली. आते घरी एकट्या पडल्या. पाळी सुटल्यावर त्या घराजवळच्या एका कॅसिनोत जायला लागल्या. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, आणि ते पॅलेस स्टेशन नव्हे. पाकीट कधी बंद झालं मला कळलं नाही. मी रोज त्यांच्याशेजारी बसून रक्ताचे नमुने तपासत होते आणि मला कळलं नाही. त्यांना तिथं सगळे नावानं ओळखायचे, वेट्रेस गालाला गाल लावायची, न सांगता त्यांच्या आवडीची कॉफी यायची. घरी त्यांना हाक मारणारं कुणी नव्हतं. तीन वर्षांत त्यांची निवृत्तीची पुंजी गेली. एका रात्रीत नाही. तासाला वीस, तासाला तीस, अशी गेली. एके दिवशी पार्किंगमध्ये त्यांनी मला पेट्रोलसाठी दहा डॉलर मागितले, तेव्हा त्यांचे हात थरथरत होते.

गॅम्बलर्स अॅनॉनिमस ही जुगाराचं व्यसन सोडू पाहणाऱ्यांची संस्था १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाली. तिच्या बैठका आमच्या गावात आठवड्याच्या सगळ्या वारी कुठं ना कुठं असतात. मी आतेंना पहिल्या बैठकीला सोडायला गेले आणि बाहेर गाडीत बसून राहिले. २०१४ पासून त्या खेळलेल्या नाहीत.

माझी धाकटी बहीण गोव्यात डिचोलीला दिलेली आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी झाली, पाहुण्यांनी खेळायचं, गावच्या माणसानं नाही. कायद्यात ती तरतूद २०१२ मध्येच झाली होती. बहीण फोनवर वैतागून म्हणाली, "आमच्याच मांडवीत बोटी, आणि आम्हालाच मज्जाव, हा कुठला न्याय?" तिच्या दिराचा मुलगा पणजीत अशाच एका बोटीवर डीलर आहे, त्यामुळं घरात यावर भांडणं होतात. मी तिला आतेंची गोष्ट सांगितली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडं उलटं. तिथं सगळा धंदाच गावच्या माणसावर."

उलटंच. आणि यातली एक जुळणी मला नेहमी थांबवते. गोव्याचा मूळ जुगारबंदीचा कायदा १९७६ चा. महाराष्ट्रानं कॅसिनोंना परवाने द्यायचा कायदा केला तोही १९७६ चा. तो कधी अंमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये सरकारनं तो रद्द करायचं ठरवलं. आणि सहारा अव्हेन्यूवर पाच हजार चौरस फुटांचं दार उघडलं तेही १९७६ मध्येच. त्या वर्षी मी मिरजेत पहिलीत होते.

मार्च २०२० मध्ये करोनामुळं राज्यातली सगळी कॅसिनो बंद झाली, सलग अठ्ठ्याहत्तर दिवस. मी तेव्हाही रात्रपाळीच करत होते. सकाळी सातला त्या अंधाऱ्या पाट्यांखालून गाडी चालवताना भीती वाटायची. ४ जूनला पॅलेस स्टेशन उघडलं. टेक्सास स्टेशन उघडलंच नाही, ते पुढं पाडलं. डिसेंबर २०२३ मध्ये नैर्ऋत्येला ‘दुरँगो’ उघडलं, त्याच घराण्याच्या कंपनीचं. नाव बदललं, तरी गाव वाढेल तिकडं जायचं ही चाल तीच.

पॅलेस स्टेशनची आगगाडी आता नाही. २०१७-१८ मध्ये मोठं नूतनीकरण झालं, त्यात ती गेली. बाबा २०१५ मध्ये गेले, त्यांना हे बघावं लागलं नाही. त्यांच्या पाकिटातलं बोर्डिंग पास आईनं मला दाखवलं, रेल्वेच्या पासाच्या मागच्या कप्प्यात होतं.

आते आता सत्तरीपुढच्या आहेत. त्यांना कॅसिनो टाळता येतं, किराणा टाळता येत नाही, आणि त्यांच्या घराजवळच्या सुपरमार्केटमध्ये दारातून आत शिरलं की डाव्या हाताला मशीन लावलेली आहेत. म्हणून दर शनिवारी त्यांचं सामान मी आणते. त्या यादी करून ठेवतात. तांदूळ, अंडी, आलं, सोया सॉस, माझ्या लेकाला आवडतात म्हणून केळी. यादीबरोबर पैसे असतात, पांढऱ्या पाकिटात घातलेले. उरलेली मोड मी पाकिटात घालून परत देते. त्या माझ्यासमोर मोजतात आणि पाकिटावर तारीख लिहितात.